खान्देशच्या उन्हात फुलं टिकवायची कशी: तोडणीपासून फुलदाणीपर्यंत

कपाशीचं फूल सकाळी दुधाळ रंगात उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं आणि मग गळून जातं. जळगाव-धुळ्याच्या शिवारात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. परागीभवन झालं की पाकळीचं काम संपतं आणि झाड सगळा जोर बोंडाकडे वळवतं. जवळपास प्रत्येक फुलाचा हाच हिशोब असतो, फक्त मुदत वेगळी. जास्वंद आणि गोकर्ण एका दिवसाचे. ब्रह्मकमळ एका रात्रीचं. पारिजातक रात्री उमलून पहाटे खाली येतो आणि सातपुड्यातला मोहही पहाटेच टपटपतो. उलट शेवंती झाडावर दोन-दोन आठवडे राहते, आणि परागीभवन न झालेलं ऑर्किड काही जातींत महिना-दोन महिने तसंच दिसतं. ही मुदत जातीची असते, ती कोणत्याही उपायानं बदलत नाही. जास्वंदीला फुलदाणीत ठेवून दुसरा दिवस मिळत नाही. पण ती पाण्याशिवायही दिवसभर तशीच राहते, म्हणून गणपतीला वाहायला सोयीची.

तोडलेल्या फुलाची गोष्ट वेगळी. गुलाब, निशिगंध, ग्लॅडिओलस, जरबेरा, झेंडू यांच्यात आठवड्याभराचं बळ असतं आणि आपण ते दोन दिवसांत घालवतो. चुका बहुतेक वेळा तोडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होतात, म्हणून या लेखात त्या तासांना जास्त जागा दिली आहे.

फूल मरतं कशानं

उष्णता, तहान, जंतू आणि इथिलीन, ही चार कारणं. आपल्या भागात पहिली दोन सगळ्यात भारी.

तोडलेलं फूल श्वास घेतच असतं आणि त्यासाठी साठवलेली साखर जाळत असतं. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे 22 अंशांच्या खोलीतल्या फुलापेक्षा 42 अंशांतलं फूल चार ते नऊ पट वेगानं स्वतःला संपवतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. तिथं दुपारी दोन तास टेम्पोत राहिलेला गुलाब वरून टवटवीत दिसला तरी आतून बराच झिजलेला असतो.

तहानेचं कारण कोरडी हवा. चैत्र-वैशाखात पाकळ्या-पानांतून पाणी इतक्या झपाट्यानं उडतं की देठ तेवढं ओढू शकत नाही. त्यात कापलेल्या टोकातून देठात हवा शिरते आणि पाण्याच्या नळ्या बंद होतात. पाण्यात उभा असलेला गुलाब मान टाकतो तो यामुळे. फुलदाणीत पाणी आहे, वरपर्यंत पोचत नाही.

जंतूंचंही तेच. देठाच्या कापातून रस झिरपतो, त्यावर जंतू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर नळ्यांची तोंडं बुजवतो. पाणी गढूळ दिसायला लागलं की आत अडथळा आधीच तयार झालेला असतो.

इथिलीन म्हणजे फळं पिकवणारा वायू. रावेर-यावलच्या लोकांना हा नवा नाही. रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवताना हवेच्या दहा लाख भागांत साधारण 100 भाग इथिलीन सोडतात. कार्नेशनला मात्र दहा लाखांत एक भागसुद्धा जास्त होतो, पाकळ्या आत वळून मिटतात. मोगरा, कमळ आणि ऑर्किड यांनाही हा वायू सोसत नाही. झेंडू, शेवंती, जरबेरा, ग्लॅडिओलस त्या मानानं काटक.

म्हणूनच आपल्याकडच्या एका सवयीवर बोट ठेवायला हवं: पूजेच्या पिशवीत पिकलेली केळी आणि फुलं एकत्र आणणं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर घरात आंब्याची आढी, त्याच खोलीत फुलांची टोपली, आणि वर उदबत्तीचा धूर. जळणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या धुरात इथिलीन असतं, मग ती चूल असो, धूप असो की जनरेटर. पिकलेली फळं आणि फुलं वेगळ्या खोलीत ठेवा, फ्रिजमध्येही एका कप्प्यात नको. केळीच्या हिरव्या पानाची भीती नाही. त्यात गुंडाळलेला हार उलट ओलसर राहतो. वायू फळातून येतो, ताज्या अखंड पानातून नाही म्हणावा इतकाच.

तोडणी

घरच्या बागेतली किंवा शेतातली फुलं सूर्य वर येण्याआधी तोडा. रात्रभरात देठ पाण्यानं भरलेला असतो. संध्याकाळी फुलात साखर जास्त असते हे खरं, पण आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळी सहालाही जमीन तापलेली असते, म्हणून इथं पहाटच चांगली. पावसाळ्यात मात्र थांबा. दव किंवा पावसाचं पाणी पाकळ्यांवरून उतरू द्या, ओलं फूल पोत्यात काळं पडतं.

कोणत्या अवस्थेत तोडायचं हे फुलागणिक बदलतं. गुलाबाची हिरवी निदलं (कळीला बाहेरून झाकणारी पानं) खाली वळलेली आणि बाहेरची एक-दोन पाकळी सैल झालेली हवी. त्याआधी तोडलं तर कळी न उमलता मान टाकते. ग्लॅडिओलसच्या दांड्यावर खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की पुरे, बाकीच्या फुलदाणीत उमलतात. निशिगंधाच्या छडीवर खालची दोन-तीन फुलं उघडलेली असावीत. हाराला सुटी फुलं हवी असतील तर उमलण्याच्या बेतातली कळी पहाटे तोडा. मोगऱ्याची पांढरी, फुगलेली, बंद कळी सूर्योदयाआधी काढतात, ती त्याच संध्याकाळी उमलते. झेंडू, शेवंती आणि ॲस्टर यांचं उलट, ही फुलं पूर्ण उमलल्यावरच तोडायची. कळीत तोडलेला झेंडू नंतर मोठा होत नाही.

जरबेरा कात्रीनं कापू नका. देठ खाली धरून बाजूला वाकवत ओढला की बुडाशी सुटतो. खुंट मागे राहिला तर झाडावर कुजतो. मग देठाचं घट्ट, तांबूस टोक दोन-तीन सेंटिमीटर कापून टाका, त्यातून पाणी चढत नाही.

झेंडूबद्दल थोडं जास्त

दसऱ्याला खान्देशात सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं आणि सगळ्यात जास्त वाया जाणारं फूल हेच. तोडणीच्या आदल्या दिवशी शेताला हलकं पाणी द्या, भरलेलं फूल जास्त टिकतं. तोडताना फुलाखाली थोडा देठ राहू द्या. नखानं चिमटून अगदी बुडाशी तोडलेल्या फुलाच्या पाकळ्या एक-दोन दिवसांत मोकळ्या होतात.

खरा घात होतो तो ढिगात. पोत्यात दाबून भरलेला झेंडू श्वासाच्या उष्णतेनं आतून तापतो. पोत्याच्या मधोमध हात घालून पाहा, गरम लागतं. तीच उष्णता आणि अडकलेली ओल मिळून फुलाचं बूड कुजवतात, आणि वरून केशरी दिसणारं फूल हारात ओवताना हातात विस्कटतं. भोकं असलेल्या प्लास्टिक क्रेटमध्ये एक वीतभर थरापर्यंतच भरा. क्रेट सावलीत, विटांवर उचलून ठेवा. भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, पण फुलांवर टाकू नका. झेंडूवर पाणी शिंपडण्याची सवय बाजारात सर्रास दिसते. पाणी पाकळ्यांमधून बुडाशी साचतं आणि तिथूनच सड सुरू होते. ताजेपणा दाखवायचाच असेल तर विक्रीच्या वेळी हलका फवारा द्या, साठवताना नाही.

तोरण ओवताना दोरा ओला करून घ्या आणि सुई फुलाच्या हिरव्या बुडाच्या मधोमध घाला. कडेनं घातली की बूड चिरतं. सुटा झेंडू सावलीत दोन-तीन दिवस बरा राहतो. ओवल्यानंतर दारावर, ऑक्टोबरच्या उन्हात, एक दिवस धरून चाला. म्हणून फुलं आधी आणली तरी तोरण आदल्या रात्रीच ओवा.

फुलदाणीत लावताना

1. आणल्याबरोबर फुलं पंख्याखाली उघडू नका. आधी बादली स्वच्छ धुवा, इतकी स्वच्छ की त्यात पाणी पिता येईल. मागच्या वेळचा बुळबुळीत थर राहिला तर बाकी सगळे उपाय वाया जातात.

2. पाण्याखाली येतील ती सगळी पानं काढा. पाण्यात बुडालेलं पान दुसऱ्या दिवशी कुजायला लागतं.

3. प्रत्येक देठ तळाकडून दोन-तीन सेंटिमीटर कापा, शक्यतो परातीत पाणी घेऊन पाण्याखाली. धारदार सुरी किंवा बागेची कात्री वापरा, बोथट कात्री देठ चेमटवते. काप तिरका असावा म्हणजे देठ बादलीच्या तळाला सपाट चिकटून बंद होत नाही.

4. कापल्यावर लगेच पाण्यात. मध्ये फोन आला तरी आधी देठ पाण्यात.

5. मग दोन ते चार तास घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात राहू द्या. या पाणी-पिण्याच्या वेळेनंतरच सजावट करा. बहुतेक घरांत हीच पायरी गाळली जाते, आणि फुलं "खराबच आली होती" असा ठपका दुकानदारावर येतो.

पाण्याची खोली किती? गुलाब, निशिगंध, ग्लॅडिओलसला वीतभर. जरबेराला फक्त पाच-सात सेंटिमीटर, कारण त्याचा मऊ, केसाळ देठ खोल पाण्यात कुजतो. पाणी कमी ठेवलंत तर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पातळी पाहावी लागते.

पाण्यात काय घालायचं

एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम साखर, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे. एक चमचा लिंबाचा रस, आणि घरगुती ब्लीचचे 15 ते 20 थेंब. साखर हे फुलाचं अन्न. लिंबानं पाणी आंबट होतं आणि आंबट पाणी देठातून सोपं चढतं. ब्लीच जंतूंना रोखतं. साखर आणि लिंबू आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, ब्लीच शेवटी टाका. न मिसळलेलं ब्लीच आणि लिंबाचा रस एकमेकांवर थेट कधीच ओतू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

नुसती साखर घालणं हे न घालण्यापेक्षा वाईट. साखर आधी जंतू खातात, फूल नंतर. 40 अंशांच्या खोलीत साखरेचं पाणी एका दिवसात गढूळ होतं. थंडीत प्रमाण 20 ग्रॅमपर्यंत न्यायला हरकत नाही, उन्हाळ्यात 10 च्या वर जाऊ नका.

देवघरातल्या फुलांना ब्लीच नको वाटत असेल तर तुरटीचा खडा पाण्यात दोन-तीनदा फिरवा. गाळ बसतो, पाणी किंचित आंबट होतं, जंतूंनाही थोडा चाप बसतो. अशा वेळी साखर घालू नका. तांब्याच्या तांब्यात ठेवलेल्या फुलांना थोडा फायदा होतो, नाणं टाकून होत नाही, कारण आजची नाणी तांब्याची नाहीत.

बोअरचं पाणी जड असतं, भांड्यावर पांढरे डाग पडतात तेच. त्यात आंबटपणा मुरून जातो, म्हणून लिंबाचा रस दोन चमचे घ्या किंवा आरओचं पाणी वापरा. सॉफ्टनरमधून आलेलं पाणी मात्र टाळा. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि ते गुलाब-कार्नेशनला बाधतं.

पाणी थंडीत दोन दिवसांनी, उन्हाळ्यात रोज बदला. प्रत्येक वेळी देठ बोटभर पुन्हा कापा. घाई असेल तर औषध विसरा, पण पाणी आणि काप विसरू नका.

किती दिवसांची आशा ठेवायची

20 ते 25 अंशांच्या खोलीत, वर सांगितलेली काळजी घेतली तर गुलाब पाच ते सात दिवस, निशिगंधाची छडी सहा ते आठ, ग्लॅडिओलस आणि जरबेरा सात ते दहा, देठाची शेवंती आणि कार्नेशन दहा ते चौदा. मोगऱ्याचा गजरा एक दिवस. कमळ अवघड आहे. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या तळ्यात कमळ तीन-चार दिवस रोज सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं, पण तोडलेली कळी बहुधा उमलतच नाही. म्हणून फुलवाले पाकळ्या हातानं दुमडतात. ते त्याच दिवशी वाहायचं फूल समजा.

एप्रिल-मेमध्ये गारव्याची सोय नसेल तर हे सगळे आकडे निम्म्यावर आणा.

गारवा विजेशिवाय

कोरड्या उन्हाळ्यानं एक सोय मात्र दिली आहे: पाणी झपाट्यानं उडतं, म्हणून माठ चांगला थंड होतो. हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर शून्य ऊर्जा शीतकक्षात वापरली आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेनं विकसित केलेल्या या रचनेत विटांच्या दोन भिंती असतात, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, आणि ती फट ओल्या वाळूनं भरलेली. तळाला विटांचा एक थर, वर बांबू-गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण, आणि सगळ्यावर सावलीचं छप्पर. वाळू आणि भिंती सकाळ-संध्याकाळ भिजवायच्या. भर उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी राहतं आणि आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास. झेंडू-निशिगंध करणाऱ्या छोट्या शेतकऱ्यानं विहिरीजवळ हा कक्ष बांधावाच, विटा आणि वाळू सोडून त्याला फारसं काही लागत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा: त्यात पिकणारी फळं फुलांसोबत ठेवू नका, आणि श्रावणाच्या दमट हवेत त्याचा उपयोग फारसा होत नाही. पाणी उडालंच नाही तर गारवा कुठून येणार?

घरात कूलर असेल तर फुलं त्याच खोलीत ठेवा, पण झोताच्या समोर नाही. वारा ओलसर असला तरी पाकळीतलं पाणी पळवतो. फ्रिजमध्ये गजरा ठेवताना ओल्या मलमलीत सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. पाकळ्यांवर थेट पाणी नको, मोगरा तपकिरी पडतो. ऑर्किड, अँथुरियमसारखी उष्ण प्रदेशातली फुलं फ्रिजच्या गारव्यात करपतात. त्यांना 12-13 अंश पुरेत.

मे महिन्यातलं लग्न

गोरज मुहूर्त असेल तर फुलं आदल्या रात्री पोचतील असं पाहा. नाशिककडून येणारा माल रात्रीच्याच गाडीनं मागवा, दिवसाच्या टपावरून नाही. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घाला. बर्फ पाकळीला थेट लागला की तिथं पारदर्शक डाग पडतो.

रात्री देठ कापून फुलं बादल्यांत उभी करा. झेंडूच्या माळा त्याच रात्री ओवून क्रेटमध्ये ठेवा. ग्लॅडिओलस खोक्यात आडवा पडू देऊ नका, टोकं वरच्या दिशेला वळतात आणि सकाळी सगळे दांडे वाकडे दिसतात.

फुलं खोचायच्या हिरव्या फोमला पाण्यावर नुसतं सोडून द्या, तो आपोआप बुडू दे. हातानं दाबला की आत कोरडी पोकळी राहते आणि तिथं खोचलेलं फूल तासाभरात सुकतं. विटेएवढा ठोकळा दीड ते दोन लिटर पाणी पितो. देठ एकदा खोचला की मागे ओढू नका, खाली हवेची जागा होते. वाळलेला फोम पुन्हा नीट भिजत नाही, म्हणून कालचा वापरू नका.

स्टेज दुपारी चारनंतर लावायला घ्या. हॅलोजन दिवे फुलांपासून लांब ठेवा. वरमाला केळीच्या पानात, गजरे डब्यात, आणि दोन्ही सगळ्यात शेवटी बाहेर काढा.

कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या, वेळी अडचण उलटी असते. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन, आणि हवा दमट. तेव्हा फुलं सुकत नाहीत, सडतात. फवारा पूर्ण बंद ठेवा, फुलं पसरून ठेवा, आणि लांबून हलका पंखा चालला तरी चालेल.

मान टाकलेला गुलाब

पाकळ्या अजून घट्ट असतील तर तो परत येतो. देठ तीन सेंटिमीटर कापा. फूल आणि देठ वर्तमानपत्राच्या सुरळीत ताठ गुंडाळा म्हणजे मान सरळ राहील. मग 40 अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात मानेपर्यंत उभं करा. गरम पाणी देठात लवकर चढतं आणि अडकलेली हवा सुटायला मदत होते. मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी साधारण तेवढंच गरम असतं, फक्त हात घालून चटका बसत नाही ना ते पाहा. एक-दोन तास गार खोलीत ठेवा आणि मग साध्या गार पाण्यात हलवा. रोजचं फुलदाणीचं पाणी मात्र त्या टाकीतून थेट घेऊ नका, कोमट पाण्यात जंतू फोफावतात. दोन तासांत मान उचलली नाही तर पाकळ्या वाटीत पाण्यावर सोडा, देठाचा आग्रह धरू नका.

आणि गुच्छातलं एखादं फूल संपलं की ते लगेच काढा. सुकणारं फूल स्वतः इथिलीन सोडतं आणि शेजाऱ्यांना सोबत नेतं. निशिगंध आणि ग्लॅडिओलसची खालची सुकलेली फुलं रोज चिमटून काढली तर वरच्या कळ्या उमलत जातात.